पट मोजता, फेअरवे मोजता. पण स्ट्रोक नेमके जातात कुठे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हँडिकॅप २० (कोर्सच्या ठरलेल्या स्ट्रोकांपेक्षा, म्हणजे पारपेक्षा, साधारण वीस जास्त). पुण्यात शनिवार-रविवार गोल्फ खेळता. वर्षभर प्रत्येक राउंडनंतर स्कोअरकार्डवर तीन आकडे लिहिता: फेअरवे (टीपासून ग्रीनकडे जाणारी कापलेल्या गवताची पट्टी) किती मिळाले, ग्रीन इन रेग्युलेशन (होलाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, म्हणजे ग्रीनवर, पारपेक्षा दोन स्ट्रोक राखून पोचणं) किती आणि एकूण पट (ग्रीनवर पटरने मारलेले फटके) किती. सरासरी ५ फेअरवे, ३ ग्रीन, ३५ पट. पट जास्त वाटले म्हणून सहा महिने पटिंगवर भर दिला. ३५ चे ३४ झाले, स्कोअर मात्र ९३ च्या आसपासच घुटमळतोय. मग आकडे लिहिण्याचा काही उपयोग असतो का, आणि असला तर काय लिहावं?

उपयोग असतो. वर्षभर न चुकता आकडे लिहिणारा खेळाडू क्लबात शोधूनही सापडत नाही, त्यामुळे सगळ्यात अवघड भाग तुमचा आधीच झालेला आहे. गडबड आहे ती आकड्यांच्या निवडीत. फेअरवे मिळाला की नाही, ग्रीन मिळालं की नाही, एवढंच हे आकडे सांगतात. त्या शॉटपायी किती स्ट्रोक गेले हे त्यातला एकही आकडा सांगत नाही, आणि स्कोअर तर स्ट्रोकांचाच बनतो.

सुरुवात पटांपासून करतो, कारण तुमचे सहा महिने तिथे गेले आहेत. एकूण पट हा माझ्या मते सगळ्यात फसवा आकडा आहे. समजा एका रविवारी तुम्ही १० ग्रीन रेग्युलेशनमध्ये गाठलीत, पण चेंडू दर वेळी पिनपासून (होलातल्या झेंड्यापासून) ३०-४० फुटांवर. बहुतेक ठिकाणी दोन पट, एखादा थ्री-पट, बेरीज ३६. पुढच्या रविवारी ग्रीन फक्त दोन, पण चिप (ग्रीनजवळचे छोटे फटके) छान बसल्या, पहिला पट पाच-सहा फुटांचा, बेरीज ३०. कार्ड म्हणतं दुसऱ्या दिवशी पटिंग सुधारलं. प्रत्यक्षात पहिल्या दिवशी पटर उत्तम चालला असेल आणि दुसऱ्या दिवशी जेमतेम. पटांची संख्या पटर जेवढी ठरवतो, तेवढीच त्याआधीचा शॉट ठरवतो.

आता तुमचे ३ ग्रीन आणि ३५ पट शेजारी-शेजारी ठेवा. म्हणजे १५ होलवर तुम्ही ग्रीनवर उशिरा पोचलात, बहुधा चिप, पिच किंवा वेज या जवळच्या अंतराच्या क्लबने, आणि तरीही होलमागे जवळपास दोन पट लागले. छोटा शॉट खेळून ग्रीनवर आलेल्याचा पहिला पट जवळचा असायला हवा. तो जवळचा नसणार. अमेरिकेच्या पीजीए टूरवरचे व्यावसायिकसुद्धा ३३ फुटांवरून सरासरी दोन पट घेतात, आणि ८ फुटांवरून त्यांचे निम्मेच पट पडतात. तुमचा पहिला पट २५-३० फुटांचा असेल, तर ३५ पटांत पटरचा दोष थोडाच आहे. दोष त्याच्या आधीच्या शॉटचा आहे, आणि त्या शॉटची तुमच्या वहीत एका शब्दाचीही नोंद नाही.

नेमक्या याच अडचणीवर कोलंबिया विद्यापीठाच्या बिझनेस स्कूलमधले प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी काम केलं. पीजीए टूरवर शॉटलिंक नावाची यंत्रणा प्रत्येक शॉटची जागा आणि अंतर टिपते. त्या लाखो नोंदींवरून त्यांनी एक कोष्टक मांडलं: अमुक अंतरावरून, अमुक लायवरून (चेंडू जिथे, जसा पडलाय तिथून) चेंडू होलात जायला टूरवरच्या खेळाडूला सरासरी किती स्ट्रोक लागतात. मग प्रत्येक शॉटचा हिशेब सोपा होतो. शॉटच्या आधी किती स्ट्रोक बाकी होते, शॉटनंतर किती उरले, आणि त्यासाठी तुम्ही एक स्ट्रोक खर्च केलात. उरलेली बाकी एकापेक्षा जास्त घटली तर कमाई, कमी घटली तर तोटा. याला स्ट्रोक्स गेन्ड म्हणतात. पीजीए टूरने २०११ मध्ये ते आधी पटिंगसाठी अधिकृत आकडेवारीत घेतलं, पुढे बाकीच्या शॉटसाठीही.

एक होल हिशेबासाठी घेऊ. पार ४, ३८० यार्ड. ड्रायव्हर २१० यार्ड गेला, पण उजवीकडे रफमध्ये (फेअरवेबाहेरच्या वाढलेल्या गवतात). १७० बाकी. हायब्रिड घेतला, टॉप झाला (चेंडूच्या डोक्यावर बसला), ९० यार्ड सरपटत फेअरवेवर. ८० बाकी. वेज ग्रीनवर, पिनपासून ३० फूट. दोन पट. बोगी, म्हणजे पारपेक्षा एक जास्त, ५.

तुमच्या पद्धतीने कार्डवर काय येईल? फेअरवे नाही, ग्रीन नाही, पट २. वाचणारा म्हणेल ड्रायव्हर बिघडलाय. आता टूरच्या कोष्टकाने बघा. ३८० यार्डांच्या टीवरून सरासरी सुमारे ३.९६ स्ट्रोक. रफमधून १७० वर सुमारे ३.२७. फेअरवेवरून ८० वर २.७५. ग्रीनवर ३० फुटांवरून १.९८. ड्रायव्हरने बाकी ३.९६ वरून ३.२७ वर आणली, म्हणजे ०.६९ चं काम केलं आणि एक स्ट्रोक घेतला. तोटा ०.३१. टॉप झालेल्या हायब्रिडने ०.५२ चं काम केलं, तोटा ०.४८. वेजचा तोटा ०.२३. पटिंगचा ०.०२, म्हणजे काहीच नाही. बेरीज केली तर १.०४, आणि टूरच्या सरासरीपेक्षा तुम्ही या होलवर बरोबर तेवढेच मागे राहिलात. होल बिघडवला हायब्रिडने, आणि जुन्या पद्धतीच्या कार्डवर हायब्रिडचं नावसुद्धा येत नाही.

ब्रॉडींच्या अभ्यासातून एक गोष्ट ठळकपणे पुढे आली: चांगला खेळाडू आणि त्याच्याहून कमी चांगला खेळाडू यांच्यातल्या स्कोअरच्या फरकापैकी सुमारे दोन तृतीयांश फरक १०० यार्डांच्या बाहेरून खेळलेल्या शॉटचा असतो. टूरवरच्या अव्वल खेळाडूंच्या आघाडीत पटिंगचा वाटा सुमारे १५ टक्के, आणि सगळ्यात मोठा वाटा अप्रोचचा, म्हणजे ग्रीनवर पोचण्यासाठी मारलेल्या शॉटचा. टायगर वुड्सच्या ऐन भरातल्या वर्षांतही त्याच्या आघाडीचा सर्वात मोठा तुकडा अप्रोच शॉटचाच होता, गाजले मात्र त्याचे पट. ‘ड्राइव्ह फॉर शो, पट फॉर डो’ (ड्राइव्ह दिखाव्यासाठी, पट पैशांसाठी) हे वाक्य क्लबात अजून रोज ऐकू येतं. माझ्याकडे येणाऱ्या मध्यम हँडिकॅपच्या खेळाडूंचं सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने केलंय असं माझं ठाम मत आहे.

पण ही सरासरी आहे, आणि तुम्ही सरासरी नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक टीवरच्या लांबीत सगळ्यात मागच्या खेळाडूंपैकी होती. पटर आणि छोट्या खेळाच्या बळावर ती चौथी आली, ब्राँझ एका स्ट्रोकने हुकलं. म्हणून दुसऱ्याचं प्रमाण आपल्याला लावून भागत नाही, स्वतःचा हिशेब मांडावा लागतो.

टूरचं कोष्टक हातात नसलं तरी तुमचं अडणार नाही. २० हँडिकॅपला दशांशापर्यंत जायची गरज नसते. एक वही आणि होलमागे एक ओळ पुरे. त्या ओळीत टी शॉटचा निकाल, अप्रोचचं अंतर आणि तो कुठे चुकला, ५० यार्डांच्या आत किती शॉट लागले, पहिल्या पटाचं अंतर, पटांची संख्या आणि, डबल बोगी किंवा त्याहून वाईट झालं असेल तर, ‘का’. एक खरीखुरी वाटेल अशी ओळ लिहून दाखवतो:

४ – पार ४ – ड्रा., उजवी झाडं, अडचण – बाहेर काढला – ९० वेज, छोटा – चिप – ४ पावलं, २ पट – ६ – का: ९० चा वेज

ही ओळ नीट बघा. ड्रायव्हर झाडांत गेला म्हणून सहा झाले, असं क्लब हाउसमध्ये चहा घेताना कुणीही सांगेल. पण खेळाडूने शहाणपणाने चेंडू बाहेर काढला होता, ९० यार्डांवर हातात वेज होता आणि तिसरा शॉट खेळायचा होता. बोगी तिथून सहज होती. ती घालवली वेजने, ग्रीनच्या अलीकडे चेंडू टाकून. डबल कुठे झाला हे ठरवताना ‘यापुढे बोगी अवघड झाली’ असा पहिला शॉट शोधायचा. शेवटचा पट हुकला म्हणून दोष पटरला देऊ नका, आणि सुरुवात वाईट झाली म्हणून टी शॉटलाही देऊ नका.

हा ‘का’चा रकाना तुमच्यासाठी बाकी सगळ्या रकान्यांपेक्षा मोलाचा आहे. पार ७२ वर ९३ म्हणजे २१ जास्त. माझ्या अंदाजाने तुमचं कार्ड साधारण तीन पार, नऊ बोगी आणि सहा डबल असं दिसत असेल. बेरीज करून बघा, बरोबर २१ येते. यातल्या तीन डबलच्या बोगी झाल्या की तुम्ही ९० वर. त्यासाठी एकही बर्डी (पारपेक्षा एक कमी) लागत नाही, स्विंग बदलावा लागत नाही. फक्त डबल कशाने होतात ते कळायला हवं. पाच-सहा राउंड लिहिलेत की कारणं चार-पाच गठ्ठ्यांत पडतील: टीवरून ओबी (कोर्सच्या हद्दीबाहेर) किंवा पेनल्टी एरिया, झाडांतून फटीतून काढायचा मोह, बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) दोन शॉट, चिप डफ होऊन (क्लब आधी जमिनीत लागून) पुन्हा चिप, थ्री-पट. एखादा गठ्ठा ठळकपणे मोठा निघतो. बहुतेकांचा तो त्यांना वाटत असतो तो नसतो.

टी शॉटसाठी ‘फेअरवे मिळाला का’ हा प्रश्नच मी काढून टाकायला सांगतो. त्याऐवजी तीन खुणा: खेळात, अडचणीत, पेनल्टी. फेअरवेपासून दोन पावलं बाहेर कापलेल्या रफमधला चेंडू आणि झाडाच्या बुंध्याला टेकलेला चेंडू, दोन्ही कार्डवर ‘फेअरवे नाही’. पूना क्लबवर झाडांच्या रांगा आहेत, बावधनच्या ऑक्सफर्डवर डोंगरउतार. तिथे पाच फेअरवे मिळाले की सात, याने फारसं बिघडत नाही. चेंडू हरवला की बिघडतं. ओबीचा हिशेब तर सरळ आहे: एक स्ट्रोकचा दंड आणि गेलेलं अंतरही परत, म्हणजे जवळपास दोन स्ट्रोक. राउंडमध्ये असे दोन झाले की तुमच्या २१ पैकी चार तिथेच गेले. वर्षभराच्या तुमच्या नोंदीत ‘पेनल्टी’ हा शब्दच नाही, याचं मला आश्चर्य वाटलं. आजपासून तो घाला.

अप्रोचबद्दल जरा जास्त बोलतो, कारण हौशी खेळाडूचा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात स्वस्तात भरून निघणारा तोटा इथे असतो. प्रत्येक अप्रोचला फक्त दोन गोष्टी लिहा: अंतर आणि चूक कुठे. छोटा, लांब, डावा, उजवा. दहा राउंड झाले की पान उघडा. हौशी खेळाडूंचे चुकलेले अप्रोच बहुतेक छोटेच असतात, आणि तुमच्या पानावरही ‘छोटा’ची रांग दिसेल अशी मला खात्री वाटते. कारण साधं आहे. ७ आयर्नचं ‘माझं अंतर’ म्हणून आपण जे सांगतो ते आयुष्यातल्या सगळ्यात छान बसलेल्या शॉटचं असतं, तेही कोरड्या फेअरवेवर घरंगळलेलं धरून. रविवारी सकाळी दहापैकी तीन शॉट तसे बसतात. बाकीचे सात दहा-पंधरा यार्ड मागे पडतात, आणि ग्रीनच्या तोंडाशीच तर बंकर असतात.

एक विद्यार्थी माझ्याकडे आला तेव्हा त्याचं म्हणणं होतं, ‘सर, बंकरमधून बाहेर कसं यायचं ते शिकवा, राउंड तिथेच संपतो.’ आधी काही राउंड लिहून आण म्हटलं. वही आली तर बंकरमध्ये पडलेले चेंडू जवळपास सगळे ग्रीनच्या पुढच्या बंकरमध्ये, आणि अप्रोचच्या रकान्यात ओळीने छोटा, छोटा, छोटा. त्याला बंकर शॉट शिकवला, पण त्याआधी एक नियम घालून दिला: पुढचे पाच राउंड पिन कुठेही असो, ग्रीनच्या मागच्या कडेचं अंतर धरून क्लब काढायचा. कॅडी त्याला हेच सांगत आला होता, ‘साहेब, एक क्लब जास्त घ्या’. वहीतली रांग बघितल्यावर त्याला ते पटलं. बंकरमध्ये जाणारे चेंडूच कमी झाले.

कॅडीचा विषय निघालाच आहे तर सांगतो, आपल्याकडच्या गोल्फमध्ये आकडेवारीसाठी कॅडीसारखा दुसरा माणूस नाही. तुमचा चेंडू कुठे पडला आणि कुठून कुठे गेला, हे तुमच्यापेक्षा त्याने नीट पाहिलेलं असतं, कारण तुमची नजर त्या क्षणी स्वतःच्या शॉटच्या दुःखात असते. राउंडच्या आधीच त्याला सांगा की मी अमुक-अमुक लिहितोय. पहिल्या पटाचं अंतर पावलांत मोजून द्यायला सांगा, झेंडा काढायला जाताना ते त्याचं सहज होतं. एक पाऊल म्हणजे साधारण तीन फूट.

पावलांचा हा रकाना थ्री-पटाचं कोडं सोडवतो. थ्री-पट दोन अगदी वेगळ्या आजारांनी होतो. पहिला पट १३-१४ पावलांचा, म्हणजे ४० फुटांचा, आणि दुसरा सहा-सात फुटांचा राहिला, तर तो लांब पटाच्या वजनाचा प्रश्न आहे. तिथे रेषा नाही, वेग चुकतोय. पहिला पट सहा पावलांचा, दुसरा तीन फुटांचा आणि तोही हुकला, तर तो छोट्या पटाचा प्रश्न आहे. पहिल्याला सराव म्हणजे प्रॅक्टिस ग्रीनवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पट मारणं, होलच नको. दुसऱ्याला चार फुटांच्या वर्तुळात चेंडू मांडून रोज पंधरा मिनिटं. तुम्ही सहा महिने यातलं काय केलंत ते प्रश्नात लिहिलेलं नाही, पण नेमका आजार माहीत नसताना औषध घेतलं असण्याची शक्यता जास्त वाटते.

पहिल्या पटाचं अंतर लिहिलंत की चिपचंही प्रगतिपुस्तक आपोआप तयार होतं. १५ यार्डांवरून चिप केली आणि पहिला पट सात पावलांचा, तर चिप वाईट झाली; अप अँड डाउन (एक चिप, एक पट) झालं की नाही ते विचारायची गरजही नाही. उलट पट एका पावलाचा होता आणि हुकला, तर चिप चांगली आणि पट वाईट. जुन्या स्क्रॅम्बलिंगच्या (ग्रीन हुकूनही पार वाचवल्याच्या) टक्क्यात हे दोन्ही एकत्र कालवले जातात.

आता प्रामाणिकपणाबद्दल. आपल्या फोरबॉलमध्ये (चौघांच्या गटात) ‘दिला, उचल’ फार चालतं. तीन-चार फुटांचे पटही मित्र देतात. दोस्तीत ते छानच आहे, पण वहीत तो पट ‘दिला’ म्हणूनच लिहा, एका पटात पडला असं नाही. दिलेल्या पटांवर उभी राहिलेली पटिंगची सरासरी म्हणजे हवेतला इमला. स्टेबलफोर्डमध्ये (होलमागे पॉइंट देणाऱ्या प्रकारात) पॉइंट मिळणार नाही म्हटल्यावर चेंडू उचलतात, ते होल तर वहीतून गायबच होतं, आणि ते नेमकं तुमचं सगळ्यात वाईट होल असतं. उचललंत तरी तिथपर्यंतची ओळ आणि ‘का’ लिहाच. मलिगन (मित्रांनी दिलेला फेर-शॉट) घेतला तर पहिल्या चेंडूची नोंद ठेवा, दुसऱ्याची नको.

हँडिकॅपकडे बघून सुधारणा मोजत असाल तर त्याचीही मर्यादा समजून घ्या. २०२० पासूनच्या वर्ल्ड हँडिकॅप सिस्टिममध्ये शेवटच्या २० राउंडपैकी सर्वोत्तम ८ ची सरासरी धरतात, आणि प्रत्येक होलचा स्कोअर नेट डबल बोगीच्या (डबल बोगी अधिक त्या होलवर हँडिकॅपने मिळणारे स्ट्रोक) वर मोजतच नाहीत. हँडिकॅप तुमची क्षमता दाखवतो, आणि त्यासाठी ही पद्धत उत्तम आहे. पण तुम्हाला शिकवणारे तर उरलेले १२ राउंड आहेत, आणि ते नऊ-दहाचे होलसुद्धा, जे हँडिकॅपच्या हिशेबात छाटले जातात. वहीत खरा स्कोअर लिहा, सगळ्या राउंडचा. आणि वेगवेगळ्या कोर्सवरचे नुसते स्कोअर एकमेकांशी ताडून बघू नका. तुमच्या स्कोअरमधून कोर्स रेटिंग (शून्य हँडिकॅपच्या खेळाडूचा अपेक्षित स्कोअर) वजा करा, ११३ ने गुणा, स्लोपने (बाकीच्यांना कोर्स त्याच्या तुलनेत किती अवघड ते सांगणाऱ्या आकड्याने) भागा. वाईट होलची छाटणी आणि त्या दिवशीच्या हवा-पाण्याची दुरुस्ती सोडली तर हाच तुमचा डिफरन्शियल, आणि पूना क्लबवरचे ९१ आणि ऑक्सफर्डवरचे ९५ यांत चांगला राउंड कुठला ते त्यावरून कळतं.

पावसाळा वेगळा ठेवा. जूनच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंत आपल्या फेअरवेवर चेंडू पडला तिथेच रुततो. मे महिन्यात टणक जमिनीवर वीस-तीस यार्ड पळणारा ड्राइव्ह पावसाळ्यात जागचा हलत नाही, दुसऱ्या शॉटला दोन क्लब जास्त लागतात, ग्रीन मंद असतात आणि पट छोटे राहतात. त्यात प्रिफर्ड लाइजचा स्थानिक नियम लागू असला तर फेअरवेवर चेंडू उचलून, पुसून ठेवता येतो, म्हणजे लाय नेहमीपेक्षा चांगली. अशा राउंडची सरासरी उन्हाळ्याच्या राउंडशी मिसळली तर ऑगस्टमध्ये वाटेल खेळ बिघडला, आणि डिसेंबरमध्ये काहीही न करता सुधारला. ओळीच्या सुरुवातीला ‘पा’ अशी खूण पुरे. पावसाळी नोंदींचा एक फायदा मात्र घ्या: चेंडू पळत नसल्याने तुमच्या प्रत्येक क्लबची खरी कॅरी (चेंडू हवेत जातो ते अंतर) तेव्हाच कळते. ती एका कागदावर उतरवून बॅगेत ठेवा.

घाई करू नका. एका राउंडमध्ये ड्रायव्हर चौदाएक वेळा हातात येतो, सात-आठ फुटांचे पट तीन-चार. एवढ्यावरून निष्कर्ष निघत नाही. ज्याचे निम्मे पट पडतात त्याने २० पट मारले तर कधी ८ पडतील, कधी १२, आणि या दोन्हींत त्याचं कौशल्य तेच असेल, फरक निव्वळ नशिबाचा. तुमचे ३५ चे ३४ पट हा फरकही मला त्याच जातीचा वाटतो. ‘का’चा रकाना पाच राउंडांनंतर वाचायला घ्या, कारण डबल भरपूर असतात. अप्रोचच्या दिशा दहा राउंडांनंतर. पटिंगबद्दल मत बनवायला त्याहून जास्त थांबा.

आर्कोस, शॉट स्कोप, गार्मिन यांची साधनं अनेक जण विचारतात. ग्रिपच्या टोकाला बसवायचे सेन्सर किंवा टॅग, मनगटावर घड्याळ किंवा खिशात फोन, आणि शॉटची अंतरं आपोआप नोंदली जातात. स्ट्रोक्स गेन्डही तयार मिळतं, तुमच्या पातळीच्या खेळाडूंशी तुलना करून. पैसे खर्च करायची तयारी असेल तर चांगलंच आहे. पण ग्रीनभोवतीचे छोटे शॉट आणि पट राउंडनंतर तपासून दुरुस्त करावे लागतात. ते न करणाऱ्याची आकडेवारी ग्रीनच्या आसपास भरवशाची राहत नाही. आणि डबल का झाला, हे कुठलंही यंत्र सांगत नाही. टी बॉक्सवर फोनमध्ये डोकं घालून मागच्या फोरबॉलला ताटकळत ठेवू नका. ओळ पुढच्या टीकडे चालताना लिहायची, तेवढा वेळ पुरतो.

शेवटी वहीचं सरावात रूपांतर कसं करायचं ते. एका वेळी एकच गठ्ठा धरा, आणि आधी बघा की तो सरावाने सुटणार आहे की निर्णयाने. अप्रोच छोटे पडणं, झाडांतून फटीतून मारणं, अरुंद होलवर ड्रायव्हर काढणं, हे निर्णय आहेत. त्यांना रेंजवर (सरावाच्या मैदानावर) चेंडूंची एकही बादली लागत नाही, पुढच्या शनिवारपासून बदलता येतात. चिप डफ होणं, ९० यार्डांचा वेज, बंकर, ४० फुटांचा पट, हे हाताचे प्रश्न आहेत, त्यांना सराव आणि गरज पडली तर प्रोचा तास. प्रोकडे जाताना ‘स्विंग बघा’ असं मोघम सांगू नका, वही पुढे ठेवा. ‘८० ते १०० यार्डांतून छोटा पडतो, बहुतेक वेळा उजवीकडे’ एवढं वाक्य घेऊन आलेल्या माणसाबरोबर पहिल्या दहा मिनिटांत काम सुरू होतं, नाहीतर अर्धा तास ड्रायव्हर बघण्यातच जातो.

तुमच्या बाबतीत मी क्रम असा ठेवीन. पुढचे पाच राउंड फक्त टीची खूण, अप्रोचचं अंतर आणि दिशा, पहिल्या पटाची पावलं आणि ‘का’. पटरचा खास सराव तोवर बंद, गरमाईपुरता ठेवा. अप्रोचला ग्रीनच्या मागच्या कडेचा क्लब. पाचव्या राउंडनंतर डबलचे गठ्ठे मोजा. टीवरचे पेनल्टी सगळ्यात जास्त निघाले, तर ज्या होलवर ते झालेत त्याच होलवर पुढचे पाच राउंड हायब्रिडने टी ऑफ करा आणि त्या होलांचे स्कोअर आधीच्यांशी ताडून बघा. चिप आणि वेज निघाले, तर रेंजवर ड्रायव्हरची बादली अर्धी करून उरलेला वेळ ३० ते ९० यार्डांत घाला, दर वेळी वेगळं अंतर धरून. दहाव्या राउंडनंतर पावलांचा रकाना बघा: चिपनंतरचा पहिला पट आठ पावलांवरून चारवर आला असेल, तर पटरला हात न लावता पट ३३ च्या आत आलेले दिसतील.